पायाच्या अंगठ्याचे बाहेर आलेले हाड : शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

शाळेतल्या बाई, राजेंद्रनगर, इंदूर

सर्वांना नमस्कार. माझे वय ५६ असून गेली ३१ वर्षे मी इंदुरातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवते. दिवसाचे पाच तास तरी फळ्यासमोर उभे राहण्यात जातात. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड गेल्या बारा-तेरा वर्षांत हळूहळू बाहेर येत गेले आणि अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलत गेला. आरंभी चपलेचा पट्टा तिथे लागायचा, एवढाच त्रास होता. म्हणून मी फारसे मनावर घेतले नाही. आता मात्र अंगठा दुसऱ्या बोटाच्या खाली शिरू लागला आहे, त्या बोटातले जोडवे एका बाजूने रुतते, बोटाच्या सांध्यावर कुरूप झाले आहे आणि तळव्याला, दुसऱ्या बोटाच्या बरोबर खाली, जाड घट्टा पडला आहे. चौथ्या तासापर्यंत मी वजन नकळत डाव्या पायावर टाकू लागते आणि संध्याकाळी गुडघा व कंबर दोन्ही बोलू लागतात.

मध्यंतरी एका औषधाच्या दुकानात मी हिंदीत ‘गोखरू’ असे सांगितले. इथे कुरूपालाही गोखरू म्हणतात आणि या हाडालाही. दुकानदाराने कॉर्न कॅप, म्हणजे कुरूपावर लावायची औषधी पट्टी, दिली, मी ती हाडाच्या उंचवट्यावर लावली आणि तिसऱ्या दिवशी तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघाली. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. ती जखम भरायला जवळजवळ महिना लागला. तेव्हापासून पायाच्या बाबतीत मी फार धास्तावले आहे.

दोन अस्थितज्ज्ञांना दाखवले. एकांनी एक्स-रे पाहून सांगितले की अंगठ्याचा कोन ३४ अंश आहे, आतल्या दोन लांब हाडांमधला कोन १५ अंश आहे, आणखी वाढण्याआधी शस्त्रक्रिया उरकून घ्या. दुसरे म्हणाले, “चालता येते आहे ना? मग हात लावू नका.” दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही मला जेमतेम पाच-पाच मिनिटे दिली. शेवटच्या तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ७.८ होते.

आमचे घर पहिल्या मजल्यावर असून २२ पायऱ्या चढाव्या लागतात. यजमान निवृत्त आहेत, सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत आणि स्वयंपाक मीच करते. शाळेला १ मेपासून साधारण दीड महिना सुट्टी असते; तेवढ्यात शस्त्रक्रिया आणि विश्रांती दोन्ही बसतील, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? अंगठा पुन्हा वाकतो असे ऐकते, ते कितपत खरे आहे? ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा विचारपूर्वक टाळली आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. आणखी एक गोष्ट मनात आहे. निवृत्तीनंतर ओंकारेश्वराहून नर्मदेची परिक्रमा पायी करायची असे आम्हा दोघांचे फार दिवसांपासून ठरले आहे, आणि आत्ताच्या पायाने ते जमेल असे मला वाटत नाही.

---

पाऊलवाट, सुदामानगर, इंदूर

बाई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीची मीच आठवले. माझाही उजवाच पाय. वय तेव्हा ४९, नोकरी बँकेत, म्हणजे बैठी. शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. सगळे क्रमाने लिहिते, कारण मला त्या वेळी कोणी असे सांगितले नव्हते.

निर्णय कसा घेतला ते आधी सांगते. माझे हाड दिसायला तुमच्याइतकेच वाईट होते, पण मी दहा वर्षे ते तसेच वागवले, कारण दुखत नव्हते. मग रुंद तोंडाचे बूट, बोटांमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा, बुटात घालायची आधाराची गादी, रात्री बांधायचा पट्टा हे सगळे सहा महिने प्रामाणिकपणे केले. बुटांनी आणि गादीने खरोखर आराम पडला. पट्ट्याने मात्र अंगठा तो बांधलेला असेपर्यंतच सरळ राहिला. सकाळी सोडला की अर्ध्या तासात पुन्हा जागेवर. एवढे करूनही रात्री झोपेत ठणका लागू लागला आणि भाजी आणायला दहा मिनिटे चालणे नको वाटू लागले, तेव्हा मी होकार दिला.

माझ्या पायावर स्कार्फ आणि एकिन अशा दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. अंगठ्याच्या मागचे लांब हाड लांबीच्या दिशेने झेड अक्षरासारखे कापून बाजूला सरकवले व दोन बारीक स्क्रूंनी बसवले, आणि अंगठ्याच्या स्वतःच्या हाडातून एक छोटी पाचर काढून तो सरळ केला. भूल कण्यातून दिली होती. सकाळी दाखल झाले, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले.

पहिले तीन दिवस कठीण गेले, हे मी लपवत नाही. पाय बधिर असेपर्यंत काही वाटत नाही; मध्यरात्री भूल पूर्ण उतरली तेव्हा पट्टीच्या आत अंगठ्याची प्रत्येक धडधड मोजता येत होती. म्हणून पहिला सल्ला असा की वेदनेची गोळी दुखू लागल्यावर घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, बधिरपणा असतानाच, सुरू करा. दुसरे, पाय नुसता उशीवर ठेवून भागत नाही, तो छातीपेक्षा वर राहिला पाहिजे. आमच्या दिवाणखान्यातले दोन लोड आणि त्यावर एक उशी अशी रचना मी पंधरा दिवस हलवू दिली नाही. पाय खाली सोडला की दोन मिनिटांत बोटे जांभळट लाल व्हायची आणि पट्टी आवळल्यासारखी वाटायची. तासाभरात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाय खाली नाही, हा नियम पहिल्या दोन आठवड्यांत मी पाळला आणि माझी जखम त्यामुळेच स्वच्छ भरली असे मला वाटते.

चौदाव्या दिवशी टाके काढले. तोपर्यंत पट्टीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नव्हता. न्हाणीघरात प्लास्टिकचे स्टूल ठेवून, पायाला पिशवी बांधून तो दुसऱ्या स्टुलावर ठेवायचा आणि मगच अंघोळ. चालण्यासाठी एक जाड, न वाकणाऱ्या तळव्याचा बूट दिला होता, ज्यात वजन टाचेवरच पडते. तो सहा आठवडे, रात्री संडासला जातानासुद्धा. या बुटाने एक पाय उंच होतो आणि कंबर धरते. फिजिओथेरपिस्टने दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीचा बूट घालायला सांगितले आणि ती तक्रार दोन दिवसांत गेली. घरात आपण अनवाणी वावरतो, त्यामुळे हे कोणाला सुचतच नाही.

टाके निघाल्यावर अंगठ्याचा व्यायाम सुरू झाला. एका हाताने मागचे हाड धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने अंगठा मुळापासून हळूहळू वर आणि खाली वाकवायचा, दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या दिवशी तो जेमतेम चिमूटभर हलला आणि मी रडले. पण हा व्यायाम टाळणाऱ्यांचा सांधा आखडतो, आणि मग उकिडवे बसून उठताना, जिथे सगळा भार वाकलेल्या अंगठ्यावर येतो, तिथे अडते. मला पूर्ण उकिडवे बसता यायला साडेपाच महिने लागले.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढून हाड धरले आहे हे पाहिले, मग मऊ आणि सैल खेळाचे बूट. स्कूटी नवव्या आठवड्यात. आमच्या स्कूटीचे दोन्ही ब्रेक हाताने लागतात, पण सिग्नलला पाय टेकवावाच लागतो आणि बेसावध क्षणी तो जोरात टेकला जातो. चारचाकी तर, ब्रेक पूर्ण ताकदीने दाबता येईपर्यंत, उजव्या पायाची शस्त्रक्रिया झालेल्याने चालवूच नये. सूज मात्र चिकट असते. सकाळी पाय बरा दिसायचा आणि संध्याकाळी बुटाची नाडी सैल करावी लागायची, हे आठ-नऊ महिने चालले. अंगठ्याच्या आतल्या कडेला रुपयाएवढा भाग अजूनही किंचित बधिर आहे. चालताना ते जाणवत नाही; नखे कापताना लक्षात येते.

आता तुमच्या सुट्टीचा हिशेब. मी बैठ्या कामावर पाचव्या आठवड्यात रुजू झाले आणि तेही टेबलाखाली स्टूल ठेवून. तुमचे काम उभ्याचे आहे. १ मे रोजी शस्त्रक्रिया झाली तरी १५ जूनला तुम्ही जेमतेम त्या जाड बुटातून बाहेर येत असाल आणि त्याच सुमारास आपल्याकडे पाऊस सुरू होतो. रस्त्यात साचलेले पाणी, चिखल, ओले बूट आणि नुकतीच भरलेली जखम हे मला पटत नाही. मे महिन्यातला ४१-४२ अंशांचा उकाडा आणि पट्टीखालचा घाम हाही विचार करण्यासारखा आहे.

---

निवृत्त अस्थिशल्यचिकित्सक, मूळ ग्वाल्हेर, सध्या इंदूर

मी तुमचा पाय तपासलेला नाही, त्यामुळे करा किंवा करू नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण दोन तज्ज्ञांनी दोन टोकांची मते दिल्यावर त्यांतून वाट कशी काढायची, ते सांगता येईल.

पहिला गैरसमज नावातच आहे. आपण ‘हाड वाढले’ म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हाड वाढलेले नसते, सरकलेले असते. अंगठ्यामागचे लांब हाड, ज्याला पहिले मेटाटार्सल म्हणतात, ते पायाच्या आतल्या कडेकडे सरकते, अंगठा उलट दिशेला, म्हणजे दुसऱ्या बोटाकडे, वळतो आणि त्या हाडाचे डोके कातडीखाली उघडे पडते. वर बुटाच्या घर्षणाने द्रवाची छोटी पिशवी सुजते. यालाच बनिअन म्हणतात आणि विकृतीचे नाव हॅलक्स व्हॅल्गस. घराण्यात असलेला पायाचा घाट, सैल अस्थिबंध, सपाट तळवा आणि आमवात ही कारणे त्यामागे असू शकतात. निमुळते व उंच टाचेचे बूट ती वाढवतात. म्हणूनच नुसता उंचवटा तासून टाकणे पुरेसे ठरत नाही, कारण हाड जिथे सरकले आहे तिथेच राहते.

याच सांध्यात युरिक अॅसिडचा गाऊटही होतो. अचानक, बहुधा रात्री, सांधा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सहन झाला नाही, असे कधी घडले असेल तर शस्त्रक्रियेआधी त्याची तपासणी झालीच पाहिजे. दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात आणि गाऊट शस्त्रक्रियेने जात नाही.

कोनाविषयी. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत आणि दोन हाडांमधला कोन ९ अंशांपर्यंत साधारण मानतात. ४० अंशांच्या पुढे विकृती तीव्र समजतात. तुमचे आकडे मध्यम गटात बसतात. परंतु एक्स-रे उभे राहून, पायावर वजन घेऊन काढला होता का, हे पाहा. झोपून काढलेल्या चित्रात कोन कमी दिसतो. आणि कोन कितीही असो, शस्त्रक्रियेचे कारण कोन हे नसते. दुखणे, पादत्राणे बदलूनही न थांबणारे दुखणे, चालण्यात आलेली मर्यादा आणि शेजारच्या बोटांवर होणारा परिणाम ही कारणे असतात. ‘आणखी वाढेल म्हणून आजच करा’ हे कारण एकट्याने पुरेसे नाही. न दुखणाऱ्या पायावर मी स्वतः कधी शस्त्रक्रिया केली नाही. तसेच ‘चालता येते आहे ना’ हेही उत्तर अपुरे आहे, कारण तुमच्या दुसऱ्या बोटावरचे कुरूप आणि तळव्यावरचा घट्टा सांगतात की अंगठा आपल्या वाटचे वजन उचलत नाही आणि ते शेजाऱ्यावर पडते आहे.

शस्त्रक्रियेचे शंभराहून अधिक प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. एकिनने आपली पद्धत १९२५ मध्ये मांडली आणि लॅपिडसने १९३४ मध्ये. दोन्ही आजही वापरात आहेत. सौम्य विकृतीत हाडाच्या टोकाशी काप घेतात, त्याला शेव्रॉन म्हणतात. मध्यमात स्कार्फसारखा लांब काप घेतात. मागचा सांधा सैल असेल किंवा विकृती मोठी असेल तर लॅपिडस, म्हणजे पायाच्या मध्यावरचा तो सांधाच जोडून टाकणे. लॅपिडसनंतर पायावर वजन टाकण्याची परवानगी बहुधा उशिरा मिळते, कधी काही आठवडे कुबड्यांवर काढावे लागतात. बावीस पायऱ्यांच्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे, म्हणून कोणता काप, हे शल्यचिकित्सकाकडून आधीच समजून घ्या. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला असेल तर तोच जोडावा लागतो. त्याने दुखणे थांबते, पण अंगठा मुळाशी वाकत नाही आणि उकिडवे बसणे अवघड होते. अलीकडे बारीक छिद्रांतून, सूक्ष्म ड्रिलने हाड कापण्याची पद्धतही आली आहे. जखम लहान राहते, पण आतले हाड कापलेलेच असते आणि ते जुळायला तेवढाच वेळ घेते.

तुमच्या बाबतीत मी सर्वांत आधी साखरेकडे पाहीन. एचबीए१सी ८ च्या वर असताना नियोजित शस्त्रक्रिया करू नये असे बहुतेक जण मानतात. तुम्ही काठावर आहात. कॉर्न कॅपची जखम महिनाभर रेंगाळली, ही मला आकड्याइतकीच महत्त्वाची खूण वाटते. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अॅसिड असते आणि मधुमेहींनी ती पायाला कधीही लावू नये. आधी पायाच्या नाड्या आणि तळव्याची संवेदना रीतसर तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असेल तर उत्तर निःसंशय ‘नाही’ असे आहे.

पुन्हा वाकण्याविषयी : होते. कमी वयात केलेली शस्त्रक्रिया, सैल अस्थिबंध, मूळ विकृती मोठी असताना घेतलेला छोटा काप आणि बरे झाल्यावर पुन्हा निमुळते बूट, ही त्यामागची नेहमीची कारणे. याखेरीज जंतुसंसर्ग, सांधा आखडणे, हाड न जुळणे, अंगठा उलट बाजूला वळणे, वजन शेजारच्या हाडांवर जाऊन तळवा दुखणे आणि स्क्रू टोचल्यामुळे तो काढावा लागणे हेही घडते. शस्त्रक्रियेनंतर पोटरी दुखून सुजली, एकाएकी धाप लागली, ताप आला, पट्टीतून पाणी आले किंवा बोटे निळी-गार पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरात कोणी तंबाखू खात किंवा ओढत असेल आणि रुग्ण तोच असेल, तर आधी ती सोडावी. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो.

---

लालबागेजवळ, इंदूर

डॉक्टरसाहेबांनी उंचवटा तासण्याबद्दल लिहिले, म्हणून आमचे लिहितो. माझ्या आईची शस्त्रक्रिया २०११ मध्ये एका रुग्णालयात झाली. आम्हाला सांगण्यात आले की छोटेसे काम आहे, अर्ध्या तासात हाड घासून देऊ, पंधरा दिवसांत चालू लागतील. खरोखर पंधरा दिवसांत ती चालू लागली आणि आम्ही पेढे वाटले. तीन वर्षांत अंगठा होता तिथे परत आला, वर जुन्या व्रणाची कातडी ताणून दुखू लागली. त्या वेळी ‘हाड सरकवणार की नुसते घासणार’ एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही, याची खंत आजही आहे.

आई आता ७१ वर्षांची आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हा तिने स्पष्ट नकार दिला आणि तिचा तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण तिचे चालणे घरापासून अन्नपूर्णा मंदिरापर्यंत आणि परत एवढेच आहे. पादत्राणांनी ते भागते. मात्र योग्य पादत्राण मिळवायला आम्हाला बराच काळ लागला, म्हणून त्याबद्दल लिहितो. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेला असताना, कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढायची, ती आकृती कापून दुकानात न्यायची आणि बुटाच्या तळव्यावर ठेवून पाहायची. कागद कडेने दुमडला की तो बूट, तो कितीही मऊ असला तरी, नको. आईची वर्षानुवर्षांची सवय अंगठ्याच्या चपलेची. त्या चपलेचा अंगठा नेमका दुखऱ्या बाजूने ओढ देतो, हे आम्हाला एका पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दाखवले. त्यानेच पुढे रुंद पट्ट्याची, मागे बंद असलेली चप्पल करून दिली आणि पट्ट्याला उंचवट्याच्या जागी आतून खोलगट जागा ठेवली. गेली चार वर्षे ती त्याच घाटाच्या चपला वापरते. हाड तसेच आहे, अंगठा तसाच वाकडा आहे, आणि ती रोज मंदिरात जाते.

बाई, तुम्हाला रोज पाच तास उभे राहायचे आहे आणि पुढे परिक्रमा करायची आहे, तेव्हा आईचा निर्णय तुम्हाला लागू पडेलच असे नाही. पण शस्त्रक्रियेआधी तीन महिने असे पादत्राण वापरून पाहायला काही हरकत नसावी.

विम्याबद्दल एक सूचना : सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा देत नाही. त्यामुळे किती काळ दुखते, चालण्यात काय अडते, कोणते उपाय करून झाले, हे डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे आणि पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ आधी वाचावा.

---

शाळेतल्या बाई, राजेंद्रनगर, इंदूर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सगळे दोन वेळा वाचले, यजमानांनाही वाचून दाखवले. काल तिसऱ्या तज्ज्ञांकडे गेले, ते केवळ पावलाच्या शस्त्रक्रिया करतात. जुना एक्स-रे त्यांनी पाहताक्षणी बाजूला ठेवला. तो झोपवून काढलेला होता. उभे करून काढल्यावर कोन ३८ निघाला. त्यांनी माझ्या तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू दहा ठिकाणी टेकवून, डोळे मिटून ‘लागले का’ असे विचारले. एक जागा सोडून सगळीकडे कळले. घोट्याजवळच्या नाड्या चांगल्या लागल्या. मागचा सांधा सैल नाही, म्हणून लॅपिडसची गरज त्यांना वाटत नाही. स्कार्फ, एकिन आणि दुसऱ्या बोटाचा सांधा सरळ करणे, असे त्यांचे मत आहे.

मी शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले आहे, पण मे महिन्यात नाही. तोपर्यंत साखर ७ च्या आसपास आणायची, कागद कापून नेऊन बूट घ्यायचे आणि दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया. मुख्याध्यापिकांशी बोलले. बारा आठवड्यांची रजा मिळेल, त्यांपैकी शेवटच्या तीन आठवड्यांत बसून शिकवण्याची मुभा आहे. गणिताच्या बाईंनी खुर्चीत बसून फळ्यावर कसे लिहायचे, हा प्रश्न मुलांनीच सोडवायचे ठरवले असून नववीच्या दोघी आळीपाळीने फळ्यावर लिहिणार आहेत. पहिले दोन आठवडे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची पुढची खोली आम्हाला मिळाली आहे, म्हणजे पायऱ्यांचा प्रश्न उरत नाही. पोळ्यांसाठी एक बाई ठरवल्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, भाजी मी निवडून देईन. परिक्रमेबद्दल डॉक्टर म्हणाले की एक वर्षाच्या आत नाव काढू नका आणि त्याआधी सहा महिने रोजचे अंतर थोडे थोडे वाढवत न्या.

पाऊलवाट ताई, एक लहान शंका राहिली. लहान असली तरी मला ती छळते आहे. त्यांनी जोडवी दोन्ही पायांतली काढायला सांगितली आहेत. लग्नाला ३२ वर्षे झाली, ती कधी उतरवलेली नाहीत. तुम्ही काय केले होते?

---

पाऊलवाट, सुदामानगर, इंदूर

बाई, ही शंका लहान नाही. मलाही नर्सने आदल्या दिवशी फोनवर सांगितले तेव्हा मी गप्प झाले होते. कारण साधे आहे. शस्त्रक्रियेनंतर बोट सुजते आणि त्यात धातूचे वळे असेल तर रक्त अडते. शिवाय तुमच्या तर त्याच बोटाचा सांधा सरळ करायचा आहे. म्हणून ती आदल्या रात्रीची वाट न पाहता आठ दिवस आधीच काढा. माझी इतकी रुतली होती की साबणाच्या पाण्याने निघेनात आणि शेवटी सराफ्यात नेऊन सोनाराकडून कापून घ्यावी लागली. ते ऐन वेळी झाले असते तर फार धावपळ झाली असती.

सासूबाईंनी ती कापलेली जोडवी हळदी-कुंकू लावून देवघरात अन्नपूर्णेपाशी ठेवली. पाचव्या महिन्यात, सूज बरीचशी ओसरल्यावर, त्याच चांदीची नवीन करून घेतली, पण या वेळी मागून उघडी, म्हणजे बोट सुजले तर सैल करता येतात आणि निजताना काढता येतात. माप देताना संध्याकाळी जा, सकाळी नाही. सकाळच्या मापाची पहिली जोडी मला परत करावी लागली होती.